ॲम्प्लिफायरचा वाकडेपणा आधीच वजा करता येतो, पण कपलरपर्यंतच

चिपळूणच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "काका, प्लूटो एसडीआरच्या पुढे १० वॅटचा पीए जोडलाय. ओएफडीएम सिग्नल सोडला की स्पेक्ट्रममध्ये दोन्ही बाजूंना खांदे उठतात, पॉवर कमी केली की बसतात. मेमरी पॉलिनॉमिअलचा कोड लिहून डिजिटल प्रीडिस्टॉर्शन लावलं, तर एकदा खांदे १० डीबीने खाली गेले आणि दुसऱ्यांदा तोच कोड चालवला तर उलट वर आले. कोड चुकतोय का? आणि डीपीडी नीट बसली की पीए पूर्ण १० वॅटवर चालवता येईल ना?"

इतर वाचकांसाठी आधी शब्द: प्लूटो एसडीआर म्हणजे संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ बोर्ड, पीए म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर, ओएफडीएम म्हणजे अनेक बारीक कॅरिअर एकत्र करून बनवलेला सिग्नल, खांदे म्हणजे सिग्नलच्या पट्ट्याबाहेर सांडणारी पॉवर. मेमरी पॉलिनॉमिअल म्हणजे आत्ताच्या आणि मागच्या नमुन्यांच्या घातांचं समीकरण, डीपीडी म्हणजे डिजिटल प्रीडिस्टॉर्शन. डीबी हे पॉवरच्या प्रमाणाचं माप, १० डीबी म्हणजे दहापट. आणि कपलर म्हणजे पीएच्या पुढे बसून मोजण्यासाठी सिग्नलचा छोटा हिस्सा बाजूला काढणारा भाग.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे: नाही येणार. पहिल्याचं उत्तर असं की कोड बहुधा ठीक आहे, तू पीएकडे ज्या डोळ्याने बघतोयस तो डोळा दर वेळी वेगळं दाखवतोय. आता दोन्ही सविस्तर.

तू वाशिष्ठीकाठचा आहेस, म्हणून खाडीतलंच उदाहरण घेऊ. ओहोटी लागलेली असताना खाडी ओलांडणारा होडीवाला समोरच्या धक्क्याकडे नाक धरत नाही. तो नाक वरच्या अंगाला धरतो, पाणी होडीला खाली ओढतं आणि होडी बरोबर धक्क्याला लागते. पाण्याशी भांडण नाही, पाण्याची ओढ आधीच हिशोबात धरलेली. प्रीडिस्टॉर्शन म्हणजे एवढंच. पीए सिग्नलला कुठे आणि किती वाकवणार हे माहीत असेल, तर डीएसीकडे (आकड्यांचा व्होल्टेज करणाऱ्या भागाकडे) पाठवण्याआधी सिग्नल तेवढाच उलटा वाकवून ठेवायचा.

आकड्यांत बघ. समज, तुझ्या पीएचा हिशोब असा आहे: बाहेर = आत − ०.१ × आतचा घन. ०.५ आत घातलं तर ०.४८७५ बाहेर येतं, म्हणजे ०.०१२५ ची चूक. आता आधी उलटं वाकव, आत + ०.१ × आतचा घन. ०.५ चं झालं ०.५१२५, आणि पीएमधून बाहेर आलं ०.४९९०. चूक ०.००१ वर आली. पण हेच १ या पातळीवर कर. मुळात बाहेर ०.९ येतं. वाकवून १.१ घातलं तर ०.९६६९. सुधारलं, पण ०.०३३ ची चूक उरलीच. ती उरलेली चूक पाचव्या घाताची आहे; तिसरा घात मारताना तूच ती जन्माला घातलीस. म्हणून नुसत्या तिसऱ्या घातावर भागत नाही, पाचवा आणि सातवाही लागतो.

याच समीकरणात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. आत काहीही घाल, बाहेर १.२१७ च्या वर कधीच येत नाही, आत १.८२६ घातल्यावर तो कळस गाठला जातो आणि त्यापुढे आलेख चक्क खाली वळतो. तुला बाहेर १.३ हवं असेल तर त्यासाठी आत काय घालायचं याचं उत्तरच अस्तित्वात नाही. उधाणाच्या ओहोटीत पाण्याचा वेग होडीपेक्षा जास्त झाला, तर नाक कुठेही धरा, धक्का मिळत नाही. सॅच्युरेशनच्या, म्हणजे या कळसाच्या, पलीकडे डीपीडी काहीही देऊ शकत नाही.

आता तुझ्या १० वॅटचं बघू. पीएच्या पाटीवरचे १० वॅट बहुतेक सॅच्युरेशनच्या जवळचे असतात. ओएफडीएममध्ये शेकडो सबकॅरिअर मधूनच एका सुरात येतात आणि सिग्नलचं शिखर सरासरीच्या १० ते १२ डीबी वर उसळतं. शिखरं आधी छाटलीस (त्याला क्रेस्ट फॅक्टर रिडक्शन म्हणतात, आणि ते डीपीडीच्या आधीच करायचं, नंतर नाही) तर हा फरक ७-८ डीबीवर येतो. १० वॅट म्हणजे ४० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी). त्यातून ८ गेले, उरले ३२ डीबीएम, म्हणजे साधारण १.६ वॅट सरासरी. उत्तम डीपीडी बसली तरी तुझा पीए सरासरी दीड वॅटचा आहे, एवढं मनाशी धरून चाल. डीपीडीशिवाय तेवढे स्वच्छ खांदे हवे असते, तर आणखी कितीतरी खाली उतरावं लागलं असतं. मिळकत आहे ती एवढीच, पण ती कमी नाही. क्लास-बी ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता पुस्तकात पूर्ण पॉवरला ७८.५ टक्के असते आणि १० डीबी खाली उतरलं की जेमतेम २५. बाकीची वीज उष्णता होऊन पंख्यातून जाते. आपल्याकडे पाऊस लागला की सड्यावरच्या टॉवरची लाइट दोन-दोन दिवस जाते; बॅटरी आणि डिझेलवर चालणाऱ्या साइटवर हा फरक थेट किती तास नेटवर्क राहील यात दिसतो. म्हणून तर कंपन्या डीपीडीवर एवढा खर्च करतात. डोहर्टी या अभियंत्याने १९३६ मध्ये सुचवलेली दोन ॲम्प्लिफायरांची जोडी आज जवळपास प्रत्येक बेस स्टेशनमध्ये दिसते तीही याचसाठी. डोहर्टी ॲम्प्लिफायर वीज वाचवतो पण वाकडा जास्त असतो. डीपीडी आली म्हणून तो परवडला.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण दाभोळ-धोपावे फेरीबोटीत बसलो की मला ती हटकून आठवते. बेल लॅब्सचा हॅरोल्ड ब्लॅक २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीने कामावर निघाला होता. टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन कसं घालवायचं हे कोडं त्याला काही वर्षं छळत होतं. बोटीतच त्याला निगेटिव्ह फीडबॅक (बाहेर आलेल्याचा हिस्सा उलटा करून परत आत घालायचा) सुचला आणि त्याने तो हातातल्या वर्तमानपत्रावर लिहून काढला. त्याआधी त्याने फीडफॉरवर्ड नावाची दुसरी युक्तीही काढली होती. तू म्हणशील, मग सरळ फीडबॅकच का नाही लावत? लावतात, टेट्रा या वॉकीटॉकी यंत्रणेसारख्या २५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलला कार्टेशियन फीडबॅक चालतो. पण सिग्नल रुंद झाला की पीएमधून फिरून परत येण्याचा वेळच आड येतो. चूक परत येऊन पोचते तोवर सिग्नल पुढे निघून गेलेला असतो, आणि लूप सुधारायच्या ऐवजी शिट्टी वाजवू लागतो. डीपीडी या घाईत पडत नाही. ती मागचा नमुना शांतपणे तपासते, पीएचा स्वभाव शिकते आणि पुढच्या सिग्नलला ते शिकलेलं लावते.

म्हणजे सगळी मदार शिकण्यावर आली. आणि इथेच तुझी गडबड आहे.

एकच कोड एकदा सुधारतो आणि एकदा बिघडवतो, याची प्लूटोवर मला तीन कारणं दिसतात. पहिलं, प्लूटोचा रिसीव्हर मुळात ऑटोमॅटिक गेनवर असतो (गेन म्हणजे सिग्नल किती पटीने वाढवायचा ते). तू पाठवलेला सिग्नल जरा बदलला की तो आपला गेन आपणच बदलतो, आणि तुझ्या कोडला वाटतं की पीए बदलला. गेन मॅन्युअल कर आणि पूर्ण प्रयोगभर हात लावू नकोस. दुसरं, प्रीडिस्टॉर्ट केलेल्या सिग्नलचं शिखर मूळ शिखरापेक्षा उंच असतं. वरच्या उदाहरणात १ चं १.१ झालं तसं. तुझा मूळ सिग्नल डीएसीच्या काठोकाठ भरलेला असेल, तर हे नवं शिखर डीएसीतच कापलं जातं आणि खांदे वर येतात. ३-४ डीबीची जागा आधीच मोकळी ठेव. तिसरं कारण सगळ्यात चिवट आहे, आणि बहुतेकांचे महिने त्यातच जातात: वेळेची जुळणी.

पाठवलेला नमुना आणि परत आलेला नमुना एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. प्लूटोचा बफर दर वेळी वेगळ्या क्षणी सुरू होतो, म्हणून कोरिलेशन करून (एक नमुना दुसऱ्यावर सरकवत सर्वांत जास्त कुठे जुळतो ते शोधून) जुळवावं लागतं, हे तू केलंच असशील. पण पूर्ण सॅम्पलपर्यंत जुळवून भागत नाही. हिशोब करून बघ. २० मेगाहर्ट्झचा सिग्नल, म्हणजे मध्यापासून काठापर्यंत १० मेगाहर्ट्झ. जुळणीत फक्त १ नॅनोसेकंदाची चूक राहिली तर काठावर ०.०६३ रेडियनचा फेज फरक पडतो, म्हणजे २४ डीबी खाली बसलेली चूक. १ नॅनोसेकंद म्हणजे किती? साध्या कोॲक्सच्या २० सेंटिमीटर तुकड्यात सिग्नलला लागणारा वेळ. मेमरी असलेलं मॉडेल यातली काही चूक पचवतं, पण मग त्याचे गुणांक पीएचा स्वभाव सोडून तुझी केबल शिकत बसतात. कोरिलेशनच्या शिखराच्या आजूबाजूला पॅराबोला बसवून किंवा फ्रिक्वेन्सीनुसार फेजचा उतार मोजून सॅम्पलच्या शंभराव्या भागापर्यंत जुळव.

बँडविड्थबद्दलही बोलायला हवं. पाचव्या घाताचे खांदे मूळ सिग्नलच्या पाचपट रुंद पसरतात. ते दुरुस्त करायचे तर दिसायला हवेत, आणि पाठवताही यायला हवेत. प्लूटोची आतली चिप अधिकृतपणे २० मेगाहर्ट्झची आहे. म्हणजे २० मेगाहर्ट्झचा सिग्नल घेऊन त्याच बोर्डावर डीपीडी करणं म्हणजे दाराच्या फटीतून पालखी बघणं. सिग्नल ३-४ मेगाहर्ट्झवर आण. प्रोजेक्टचा गुण एकानेही कमी होणार नाही, उलट आलेख बघण्यासारखे येतील. यूएसबीच्या वेगाची काळजी नको; सलग प्रवाह लागत नाही, काही हजार सॅम्पलचा एकेक झोत पुरतो.

पातळीचा हिशोब: पीएमधून ४० डीबीएमची शिखरं निघतात. २० डीबीचा कपलर, त्यापुढे पातळी कमी करणारा ४० डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे रिसीव्हरला −२० डीबीएम. याहून जास्त दिलंस तर रिसीव्हर स्वतःच वाकतो, आणि डीपीडी इमानेइतबारे पीएमध्ये रिसीव्हरच्या वाकडेपणाचा उलटा भाग घालते. रिसीव्हर जे खोटं बोलतो ते तुझ्या सिग्नलमध्ये खरं होऊन बाहेर पडतं. हे वाक्य टेबलावर चिकटवून ठेवलंस तरी चालेल. आयक्यूचंही (सिग्नलच्या ९० अंशांनी वेगळ्या दोन शाखांचंही) तेच. ट्रान्समीटरच्या दोन शाखांत १ डीबी आणि ५ अंशांचा फरक असेल तर आरशातली प्रतिमा मूळ सिग्नलच्या फक्त २३ डीबी खाली राहते. ती पीएच्या आधी जन्मते, पीएमधून जाते, आणि साध्या मेमरी पॉलिनॉमिअलला तिचं काय करायचं ते कळत नाही, कारण त्या मॉडेलमध्ये सिग्नलच्या कॉन्जुगेटला (त्याच्या आरशातल्या जोडीला) जागाच नसते. म्हणून क्रम असा: आधी एलओची (रेडिओच्या आतल्या ऑसिलेटरची) गळती, मग आयक्यू, आणि शेवटी डीपीडी. घाई करून उलटं गेलास तर प्रत्येक टप्पा मागच्याची घाण झाकत बसतो.

अँटेना अजिबात लावायची नाही, ५० ओहमचा डमी लोडच. १० वॅट हवेत सोडायला परवाना लागतो, आणि खांद्यांसकट सोडलेस तर शेजारच्या चॅनेलवाल्याला कारण नसताना त्रास.

मॉडेलबद्दल मी फार लिहीत नाही, कारण लोक इथे गरजेपेक्षा जास्त रमतात. व्होल्टेरा सीरीज (आठवण असलेल्या वाकडेपणाचं सर्वांत व्यापक गणिती रूप) पूर्ण घेतली तर गुणांकांचं जंगल होतं. त्यातून छाटून मेमरी पॉलिनॉमिअल आलं, आणि २००६ मध्ये मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सर्वसाधारण रूप मांडलं. तुला १, ३, ५, ७ हे घात आणि चार विलंब, म्हणजे १६ गुणांक पुरे आहेत. पीएचं आउटपुट आत आणि इनपुट बाहेर धरून लीस्ट स्क्वेअर्स सोडव, आलेले गुणांक उचलून पीएच्या आधी ठेव. याला इनडायरेक्ट लर्निंग म्हणतात. मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर निघेल, कारण पाचवा आणि सातवा घात एकमेकांचे जुळे भाऊ असल्यासारखे दिसतात. कर्णावर छोटीशी संख्या मिळव. घात १३ पर्यंत नेऊन आणखी २ डीबी कमवायचा मोह होईल, तो टाळ. त्या २ डीबींचा भरवसा पंखा जरा जोरात फिरेपर्यंतच.

मेमरी का लागते, हे मात्र समजून घे. पीए आत्ताचाच सिग्नल बघून वाकत नाही, मघाशी काय गेलं तेही त्याला आठवतं. बायसच्या सर्किटमधले कपॅसिटर नॅनोसेकंदांच्या मापात आठवण ठेवतात, ती चार विलंबांत बसते. ट्रान्झिस्टरची उष्णता मिलिसेकंदांची आठवण ठेवते. गॅलियम नायट्राइडच्या पीएमध्ये इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकतात. मोठं शिखर येऊन गेल्यावर गेन काही वेळ खाली बसलेला राहतो आणि सावकाश वर येतो. या लांबच्या आठवणी तुझ्या १६ गुणांकांत मावत नाहीत. म्हणून मोजण्याआधी पीए दहा मिनिटं त्याच सरासरी पॉवरवर तापू दे, आणि ज्या पॉवरवर शिकलास त्याच पॉवरवर वापर.

आता कपलरच्या पलीकडचं. यात माझा स्वतःचा पावसाळा गेला आहे.

बरीच वर्षं झाली. आमच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार बंदराच्या वर, सड्यावर एक साइट होती. उन्हाळाभर उत्तम चालली. जुलैत तक्रारी सुरू झाल्या: फोनला रेंज दिसते पण बोलणं तुटतं, आणि तेही पाऊस ओसरून वारा सुटला की जास्त. दूरच्या ऑफिसातून बघणाऱ्यांना डीपीडीचे गुणांक दिवसात चार वेळा उड्या मारताना दिसत होते, म्हणून निष्कर्ष निघाला की सॉफ्टवेअर बिघडलंय. तीन आवृत्त्या बदलल्या. मीही त्या बैठकांत मान डोलावत होतो, हे कबूल करतो. शेवटी उघाड मिळाली तेव्हा वर चढलो. जंपर केबलच्या कनेक्टरवरची टेप खालून वर गुंडाळायच्या ऐवजी वरून खाली गुंडाळलेली, म्हणजे प्रत्येक वेढा पन्हळीसारखा पाणी आत घेत होता. आत खारं पाणी, हिरवी पडलेली पितळ. पाणी कमीजास्त झालं की पीएला दिसणारा लोड बदलायचा, लोड बदलला की पीएचा वाकडेपणा बदलायचा, आणि बिचारी डीपीडी दर वेळी नव्याने शिकायची. गुणांक उड्या मारत होते कारण डीपीडी आपलं काम चोख करत होती!

कनेक्टर बदलला, गुणांक शांत झाले. बोलणं तरी तुटतच राहिलं. मग कळलं की अँटेनाजवळचा एक क्लॅम्प गंजून गेला होता. गंजलेला सांधा म्हणजे फुकटचा डायोड. दोन कॅरिअर त्यावर आदळले की नवीन फ्रिक्वेन्सी तयार होतात. ९०० च्या बँडमध्ये ९३६ आणि ९५८ मेगाहर्ट्झचे कॅरिअर घे: पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केलास तर ९१४ येतात, आणि ते थेट फोनकडून येणाऱ्या ८९० ते ९१५ च्या पट्ट्यात पडतात. बेस स्टेशन स्वतःच्याच आवाजाने बहिरं होतं. वारा सुटला की क्लॅम्प हलायचा आणि कुरकुर वाढायची. हे सगळं कपलरच्या पुढे घडत होतं, फीडबॅकच्या रिसीव्हरला त्याचा पत्ताही नव्हता. स्टेनलेसचे क्लॅम्प बसवले आणि प्रश्न मिटला. तोवर आमच्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. घराच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवतोच की. पण ऑफिसात बसलं की ते आठवत नाही.

तुझ्या प्रयोगशाळेत वारा नाही, पण एसएमए कनेक्टर आहेत, आणि चिपळूणच्या हवेत तेही काळे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे, आणि हाताने नुसते फिरवून सोडू नकोस, पान्याने नीट कस.

"सुधारलं" हे कशावरून म्हणायचं, तेही ठरव. खांदे हा शेजाऱ्याचा त्रास, तो शेजारच्या चॅनेलमध्ये गळणाऱ्या पॉवरने मोजतात. बेस स्टेशनला साधारण ४५ डीबी खाली असावी लागते. ईव्हीएम (सिग्नलचे ठिपके आपल्या जागेवरून किती ढळले त्याचं माप) हा स्वतःचा त्रास. ६४-क्वॅमला (६४ ठिपक्यांच्या मॉड्युलेशनला) ८ टक्के चालतो, २५६-क्वॅमला ३.५. शिखरं छाटलीस की ईव्हीएम बिघडतो आणि डीपीडी तो परत आणू शकत नाही, कारण छाटलेलं शिखर तिच्यापर्यंत पोचतच नाही. दोन्ही आकडे अहवालात दे, परीक्षक एकच बघून फसणार नाहीत.

आता पुढचं काम. डीपीडी बंद ठेव. गेन मॅन्युअल, सिग्नल ४ मेगाहर्ट्झ. एकच झोत दहा वेळा पाठव, आणि प्रत्येक वेळी जुळणी करून इनपुटच्या उंचीसमोर गेनचा ठिपक्यांचा आलेख काढ. दहाही आलेख एकावर एक बसले पाहिजेत. बसत नसतील तर डीपीडीच्या कोडला हात लावू नकोस, खोट अजून जुळणीत किंवा केबलमध्ये आहे. बसले, तर ठिपक्यांचा पट्टा किती जाड आहे ते बघ. ती जाडी म्हणजे पीएची आठवण, आणि पट्ट्याचं उजवं टोक जिथे इतकं खाली झुकतं की इनपुट वाढवूनही आउटपुट वाढत नाही, ती तुझी खरी कमाल पॉवर. तो आलेख मला पाठव, मग विलंब चार घ्यायचे की दोन पुरतील ते सांगतो.